नाशिकच्या घरात किलीफिश: मासा कमी, अंडी जास्त

साध्या टपालाच्या पाकिटातून जिवंत मासा पाठवता येतो असं म्हटलं तर ऐकणारा वेड्यात काढेल. किलीफिश पाळणारे लोक मात्र जगभर हेच करत आले आहेत. पाकिटात प्लास्टिकची छोटी पिशवी, पिशवीत मूठभर ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि त्यात जेमतेम एक मिलिमीटरची तीस-चाळीस अंडी. पाणी नाही, ऑक्सिजन भरलेली फुगीर पिशवी नाही, थर्माकोलचा खोकाही नाही. पिशवीवर जातीचं नाव आणि एक तारीख. त्या तारखेच्या सुमारास पिशवी उघडायची, आतला माल थंड पाण्यात ओतायचा, आणि काही तासांत पिल्लं पोहायला लागतात.

गप्पी-मोली पाळणाऱ्याचं सगळं लक्ष टाकीवर असतं. ती सजवायची, मासे सोडायचे, पिल्लं झाली तर झाली. किलीफिशच्या छंदात टाकी साधीसुधी, बरेचदा उघडीबोडकीच असते आणि माणसाचा वेळ जातो अंड्यांमागे: ती गोळा करणं, जपणं, भिंगातून बघणं, वाट पाहणं. एवढं ध्यानात आलं की बाकीचा पसारा समजायला सोपा आहे. नाशिकच्या हवेत तो जमवायलाही सोपा आहे.

हे मासे कोण

किलीफिश ही काही एक जात नव्हे. अंडी घालणाऱ्या लहान माशांचा हा मोठा गोतावळा आहे, हजाराहून जास्त जातींचा, आणि ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर पसरलेला. गप्पी, मोली, प्लॅटी हे त्यांच्या नात्यातलेच, पण ते थेट पिल्लं देणारे. बहुतेक किली तीन ते सात सेंटीमीटरच्या आतले. रंगांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, बघावेच लागतात. फक्त ते रंग नराच्या वाट्याला आलेले असतात आणि मादी बहुधा मातकट. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर पहिल्यांदा मासे गेले, तेही किलीच होते, ममीचॉग नावाच्या जातीचे. दिसायला अगदी सामान्य, पण चिवट.

आपल्याकडेही किली आहेत. कोकणापासून केरळपर्यंतच्या ओढ्या-तळ्यांत अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस हा मासा सापडतो. तोंड वर वळलेलं, डोकं चपटं, पाण्याच्या पृष्ठभागालगत दबा धरून बसणारा आणि डासांच्या अळ्या मटकावणारा. दुकानात 'गोल्डन वंडर' म्हणून जो पिवळाधमक मासा मिळतो तो याचाच पाळीव रंगप्रकार. तो १० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल तो प्रत्येक मासा खातो. निऑन टेट्राच्या टाकीत तो सोडून मग टेट्रा मोजत बसणारे बरेच असतात.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने किलींचे गट अंड्यांवरून पडतात. काही जाती बारमाही पाण्यात राहतात, वनस्पतींच्या मुळांना चिकटवून अंडी घालतात आणि ती दोन-तीन आठवड्यांत पाण्यातच फुटतात. आपला लिनिएटस यांतला. दुसऱ्या टोकाला आहेत एकहंगामी किली, म्हणजे पूर्व आफ्रिकेतले नोथोब्रँकियस आणि दक्षिण अमेरिकेतले काही. हे पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांत जन्मतात आणि डबकं आटलं की मरतात. मागे चिखलात उरतात ती अंडी. मधल्या गटातल्या जातींना दोन्ही चालतं.

डबकं आटतं तेव्हा

एकहंगामी किलींची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण सगळं कौशल्य तिच्यातून निघतं.

झिंबाब्वेच्या गोनारेझू अभयारण्यात १९६८ मध्ये एक मासा पकडला गेला. १९७१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं, नाव नोथोब्रँकियस फर्झेरी. कोरड्या प्रदेशातल्या ज्या डबक्यात तो राहतो तिथे पाणी काही आठवडे टिकतं, नशीब असलं तर काही महिने. मग माशाला घाई करावीच लागते. मोझांबिकच्या डबक्यांत ही पिल्लं जन्मापासून १४ दिवसांत वयात येताना संशोधकांना आढळली आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढी घाई करणारा दुसरा माहीत नाही. म्हातारपणही तसंच झपाट्याने येतं: रंग उडतो, पाठ वाकते, हालचाल मंदावते. त्यामुळे वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत हा मासा आता उंदरांच्या जोडीने वापरला जातो. त्याचा जनुकसंच २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पाण्याखालची माती कसली? नोथोब्रँकियसची डबकी बरेचदा आपल्या काळ्या कपाशीच्या मातीच्या जातकुळीतल्या चिकणमातीवर असतात. पावसात फुगणारी, पाणी धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. येवला-निफाडकडची जमीन मेमध्ये पाहिलेल्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. वरचा थर तडकतो, खाली थोडी ओल राहते, आणि त्या ओलीत अंडी पडून असतात.

ती नुसती पडून नसतात, मुद्दाम थांबलेली असतात. अंड्यातला जीव वाढता वाढता तीन टप्प्यांवर थांबू शकतो. पहिला थांबा अगदी सुरुवातीला, पेशी विखुरलेल्या असतानाच. दुसरा मध्यावर, हृदय तयार झाल्यावर. हा कित्येक महिने चालतो. तिसरा अगदी शेवटी, पिल्लू पूर्ण तयार असतं आणि फक्त पाण्याची वाट बघत असतं. या थांबण्याला शास्त्रात डायपॉझ म्हणतात. त्यात शरीराचा खर्च जवळपास बंद होतो.

आता खरी गंमत. एकाच मादीने एकाच दिवशी घातलेली अंडीसुद्धा एकाच वेळी तयार होत नाहीत. काही थांबे टाळून पुढे जातात, काही महिनोन् महिने रेंगाळतात. पहिल्या पावसात काही फुटतात, काही फुटतच नाहीत. हा ढिसाळपणा वाटेल, पण जूनमध्ये पेरून बसलेल्या आणि नंतर तीन आठवडे आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. सगळं बियाणं पहिल्याच पावसाच्या भरवशावर टाकलं आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी कपाळी येते. किलीकडे दुबार पेरणीचं बियाणं मातीतच राखून ठेवलेलं असतं. पहिली खेप करपली तरी दुसरी आहे.

सह्याद्रीच्या सड्यांवर, पावसाळ्यापुरत्या भरणाऱ्या खडकांतल्या डबक्यांत, फेअरी श्रिंप नावाचे कोळंबीचे चिमुकले नातलग हेच करतात. त्यांची अंडीही कोरड्या धुळीत उन्हाळा काढतात. भारतात एकहंगामी मासा नाही, पण ही युक्ती आपल्या डोंगरातही चालू आहे.

पाणी आणि हवा

नाशिक शहराला गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांचं पाणी येतं. हे पावसाचं साठलेलं पाणी बोअरवेलच्या पाण्यापेक्षा मऊ असतं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. बाथरूमच्या बादलीला पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी जड आहे हे वेगळं तपासायला नको. आरओ बसवणाऱ्याच्या खिशात असतो तसा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, दोनेकशे रुपयांत मिळतो, तो घेऊन ठेवा. पुढे आणखी एका कामाला लागणार आहे.

जड पाण्याने खट्टू होण्याचं कारण नाही. नोथोब्रँकियसना मध्यम जड पाणी मानवतं, अगदी मऊ पाण्यातच उलट त्यांना त्वचेचे रोग लवकर धरतात. वर्षावनातल्या ओढ्यांतले अ‍ॅफिओसेमिऑन मात्र मऊ पाणी मागतात. त्यांच्यासाठी धरणाचं पाणी घ्या, किंवा पहिले दोन-चार पाऊस गच्ची धुऊन गेल्यावर पावसाचं पाणी ड्रममध्ये धरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला रात्रभर बादली उघडी ठेवणं किंवा दुकानातल्या 'अँटी-क्लोरीन'चे थेंब, दोन्ही चालतं. ते थेंब म्हणजे फोटोग्राफर वापरायचे तो हायपोच.

तापमानात नाशिकची बाजू भक्कम आहे. बहुतेक किलींना २१ ते २५ अंश हवं असतं आणि सतत तिशीच्या वर ठेवलं तर ते नुसते दमत नाहीत, त्यांचं आयुष्यच कमी होतं. फर्झेरीवर हे प्रयोग झाले आहेत: पाणी काही अंश थंड ठेवलं की मासा जास्त जगतो. मुंबईकर हौशी एसीच्या खोलीत टाक्या ठेवतात. आपल्याकडे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत बहुतेक काम हवाच करते. अडचणी दोनच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली येतो तेव्हा लहान टाकीला २५ वॉटचा हीटर लावा आणि २० अंशांवर ठेवा, अधिक नको. एप्रिल-मे मध्ये छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात, कारण तेव्हा इथली हवा कोरडी असते. पाणी रोज थोडं कमी होईल, तेवढं भरत राहायचं.

कोणापासून सुरुवात करावी

माझं मत विचाराल तर गार्डनेरी. पूर्ण नाव फंडुलोपँचॅक्स गार्डनेरी, राहणार नायजेरिया-कॅमेरून. सहा सेंटीमीटरचा, पोलादी निळा-हिरवा, अंगभर लाल ठिपके, परांना पिवळी किंवा पांढरट किनार. दोन-तीन वर्षं जगतो, पाण्याचे नखरे नाहीत, आणि मादी मोसमाची वाट न बघता रोज थोडी थोडी अंडी देते. दुसरा पर्याय अ‍ॅफिओसेमिऑन ऑस्ट्राले, गॅबॉनमधला, शेपटीला दोन टोकदार लांब पाती आलेला; देखणा, पण थंड आणि मऊ पाण्यात खुलणारा. एकहंगामीत पहिला मान झांझिबारच्या नोथोब्रँकियस ग्वेंथेरीला द्यावा. निळसर अंग, प्रत्येक खवल्याला लाल कडा, शेपटी लालभडक आणि तिला काळी किनार.

'क्लाउन किली' म्हणून ओळखला जाणारा एपिप्लॅटिस अ‍ॅन्युलेटस फोटोत भुरळ घालतो. त्याची पिल्लं इतकी बारीक की आर्टेमियाही (पिल्लांना भरवतात ते खाऱ्या पाण्यातले अगदी बारीक जीव) त्यांच्या तोंडात जात नाही. तो नंतर.

घेताना एक पथ्य. किलींच्या नावामागे गावाचं नाव लावलेलं असतं: गार्डनेरी 'अकुरे', गार्डनेरी 'मिसाजे'. ही मिरवायची पदवी नसते. त्या त्या ठिकाणच्या माशांचा वंश वेगळा ठेवला जातो, कारण दोन गावच्या माद्या शेजारी ठेवल्या तर पाळणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत. विकणारा गावाचं नाव सांगू शकत नसेल तर मासा पाळा खुशाल, पण त्याची अंडी गावाचं नाव लावून पुढे देऊ नका.

टाकी, झाकण, खाणं

एक नर, दोन माद्या, दीड फुटाची टाकी, कोपऱ्यात स्पंज फिल्टर, जावा मॉसचा झुबका, वर तरंगणारं थोडं सालव्हिनिया. तळाला रेती नको. अंडी आणि घाण दोन्ही दिसली पाहिजेत. बदामाचं एखादं वाळकं पान टाकलं तर पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि माशांना आवडतं. शाळेच्या आवारात नाहीतर रस्त्याकडेला देशी बदामाची झाडं असतात त्यांचं पान, मेव्याच्या बदामाचं नव्हे. दोन मादींचं कारण असं की नर सारखा मागे लागतो. एकटी मादी दमून मरते.

झाकण हा या छंदातला सगळ्यात महत्त्वाचा सामान. किली उडी मारतात, आणि एअर पंपाची नळी जाते तेवढी फट त्यांना पुरते. डबक्यातून डबक्यात जाणाऱ्यांची ती सवय. फटीत स्पंजचा तुकडा ठोसा.

खाण्याच्या बाबतीत हे पक्के मांसाहारी आहेत. गार्डनेरी हळूहळू दाण्यांवर येतो, नोथोब्रँकियस बहुधा येत नाहीत. त्यांना हलणारं काहीतरी हवं: डासांच्या अळ्या, मोइना (गोड्या पाण्यातल्या बारीक पाणपिसवा), गोठवलेले ब्लडवर्म. अळ्यांसाठी गॅलरीत बादली भरून ठेवणार असाल तर ती रोज गाळा आणि जाळीने झाका. डेंग्यूच्या मोसमात महापालिकेचं पथक आलं तर 'माशांसाठी ठेवलीय' हे उत्तर चालत नाही, आणि चालूही नये. मोइना बाहेरून आणताना आपल्या भागात विशेष जपायला हवं. द्राक्षबागेजवळच्या शेततळ्यात मोइना भरपूर दिसली तरी आणू नका. बागेवर बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं, त्यात मोरचूद असतं, आणि तांब्याचा अंश लहान जलचरांना फार लवकर मारतो. बाकीच्या फवारण्यांची यादी तर लांबच.

पिल्लांसाठी आर्टेमिया लागतो. एक लिटरची बाटली उलटी टांगा, त्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ विरघळवलेलं पाणी, तळापर्यंत हवेची नळी आणि पाव चमचा आर्टेमियाची अंडी. २७ अंशांना चोवीस तासांत केशरी धूळ हलायला लागते. नाशिकच्या थंडीत दीड दिवसही लागतो, म्हणून बाटली दिव्याजवळ ठेवावी. हवा बंद केली की टरफलं वर येतात, जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतात. तेवढेच नळीने ओढून घ्यायचे, बारीक कापडातून गाळायचे, गोड्या पाण्यात खळबळून द्यायचे.

गार्डनेरीची अंडी: लोकरीची गोष्ट

मेन रोडच्या बाजूला कुठल्याही लोकरीच्या दुकानातून गडद हिरव्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचा गुंडा घ्या. वीतभर लांबीचे तीस-चाळीस धागे कापा, एका टोकाला बांधा, रंग जाईपर्यंत उकळा, बुचाला अडकवून टाकीत सोडा. याला मॉप म्हणतात. माशांना ती पाण्यात लोंबणारी मुळं वाटतात. अ‍ॅक्रिलिकच घ्यायचं, खरी लोकर पाण्यात कुजते.

आठवड्यातून दोनदा मॉप बाहेर काढून पिळा. हो, सरळ पिळा. अंडी फुटत नाहीत. किलीच्या अंड्याचं कवच टणक असतं, चिमटीत धरलं तर बोटांना कडक लागतं. धागे एकेक करून उजेडात धरा. काचेच्या मण्यांसारखी अंडी धाग्याला बारीक तंतूंनी चिकटलेली दिसतील. बोटांनीच काढायची आणि जुन्या पाण्याच्या उथळ डबीत ठेवायची, मिथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाचा एखादा थेंब टाकून. दुसऱ्या दिवशी जी पांढरी पडली ती मेलेली. लगेच उचला, नाहीतर तिची बुरशी शेजारणीला लागते. उरलेल्या अंड्यांत आठवडाभराने दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. पुढे डोळ्याभोवती सोनेरी कडं येतं आणि पिल्लू आतल्या आत गिरकी घेताना भिंगाशिवायही कळतं. १४ ते २१ दिवसांत फुटतात. तयार असूनही फुटत नसतील तर डबी झाकण लावून थोडी हलवा, किंवा ताजं, जरा थंड पाणी घाला.

ग्वेंथेरीची अंडी: कोकोपीटची गोष्ट

इथे लोकर चालत नाही, कारण या माशांना चिखल हवा. परदेशात त्यासाठी पीट मॉस वापरतात. नाशिकला पॉलिहाउस आणि नर्सऱ्यांमुळे कोकोपीट कुठेही मिळतं, तेच घ्या. खत मिसळलेलं नको. विटेचं कोकोपीट खारट असू शकतं, म्हणून उकळून चार-पाच पाण्यांत धुवा आणि शेवटचं पिळलेलं पाणी टीडीएस मीटरने बघा. आकडा तुमच्या नळाच्या पाण्याजवळ आला की झालं. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा घ्या, झाकणाला मासा जाईल एवढं गोल भोक पाडा, आत दोन-तीन सेंटीमीटर ओलं कोकोपीट भरा आणि डबा टाकीच्या तळाशी ठेवा.

मग बघत बसा, कारण हे बघण्यासारखं असतं. नर डब्याच्या तोंडाशी पर ताणून उभा राहतो. मादी आली की तिच्या अंगाला अंग लावतो आणि पाठीचा पर तिच्यावरून असा टाकतो की ती जवळपास झाकली जाते. दोघं एकत्र इंग्रजी एस आकारात वाकून कोकोपीटमध्ये तोंड खुपसतात, अंगातून एक थरथर जाते, आणि सुटतात. प्रत्येक थरथरीला एकच अंडं. लगेच पुन्हा. भरपूर खाल्लेली मादी दिवसाला अशी वीस-तीस अंडी सहज पेरते.

दर एक-दोन आठवड्यांनी डबा काढा, कोकोपीट जाळीत ओता, हाताने घट्ट पिळा आणि वर्तमानपत्रावर पसरा. ओलीचा अंदाज हा एकच अवघड भाग. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये, पण मूठ उघडली की तळहात थंड, दमट लागला पाहिजे. फार ओलं राहिलं तर बुरशी, फार वाळलं तर अंडी चेपतात. जमलं की झिपच्या पिशवीत भरा, वर जात, ठिकाण, तारीख लिहा आणि घरातल्या सगळ्यात स्थिर तापमानाच्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, ओट्याच्या वर नको. २४-२५ अंशांना ग्वेंथेरीला साधारण तीन महिने लागतात.

महिन्यातून एकदा चिमूटभर कोकोपीट पांढऱ्या बशीत पसरून दहापट भिंगाने बघा. पांढरी अंडी गेलेली. पारदर्शक, आत काहीच नसल्यासारखी दिसणारी अंडी बहुतेक वेळा जिवंत असतात, थांब्यावर असतात. नवखे लोक नेमकी तीच फेकतात. बहुसंख्य अंड्यांत सोनेरी कड्याचे डोळे दिसले की पाणी द्यायची वेळ आली.

पाणी १८ ते २० अंशांचं हवं. थंडीत ते नळालाच येतं, उन्हाळ्यात माठातलं घ्या, क्लोरीन गेलेलं. पसरट भांड्यात कोकोपीट टाका, वर पाच-सहा सेंटीमीटर पाणी. दोन-तीन तासांत पहिली पिल्लं दिसतात, बाकीची दुसऱ्या दिवसापर्यंत. पहिल्याच दिवसापासून आर्टेमिया, दिवसातून दोनदा. पोट केशरी दिसलं पाहिजे. काही पिल्लं तळाशी घसटत चालतात, त्यांना वर उठताच येत नाही. त्यांच्या हवेच्या पिशवीत हवा भरली गेली नाही. ती सुधारत नाहीत. अशी पिल्लं खूप निघाली तर पुढच्या खेपेला पाणी द्यायची वेळ बदलून बघावी.

फुटलेली पिल्लं काढून घेतल्यावर ते कोकोपीट टाकू नका. पुन्हा पिळा, पिशवीत भरा, तीन-चार आठवड्यांनी परत पाणी द्या. मातीत राखून ठेवलेलं बियाणं ते हेच.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात नरांना रंग येतो. तेव्हाच नर-माद्या वेगळ्या करा, म्हणजे माद्यांना वाढायला वेळ मिळतो. दोन महिन्यांच्या आत पुन्हा श्रीखंडाचा डबा बाहेर काढावा लागतो.

रोग

नोथोब्रँकियसचा मुख्य शत्रू व्हेल्व्हेट. टॉर्च तिरका मारला की अंगावर सोनेरी भुकटी दिसते, मासा पर मिटून कोपऱ्यात राहतो. प्रतिबंध म्हणून चार लिटरला एक सपाट छोटा चमचा जाडं मीठ कायम ठेवणारे खूप आहेत, मीही ठेवतो. रोग आलाच तर टाकी झाकून अंधार करा, कारण हा परजीवी उजेडावर जगतो. बाजारात औषधं मिळतात ती बहुधा तांब्याची, म्हणजे घटक द्राक्षबागेतलाच. मात्रा बाटलीवर दिली असेल त्यापेक्षा थेंबभरही जास्त नको, आणि टाकीत झिंगे-गोगलगायी असतील तर मासे आधी बाहेर काढून औषध द्या.

मग पाळायचे कशाला?

आमच्या इमारतीतल्या एक काकू टाकीपाशी आल्या की विचारतात, "अरे, एवढे देखणे मासे, आणि वर्षाच्या आत जायचे? जीव लावायचा कशाला?" प्रश्न रास्त आहे. ग्वेंथेरी चांगला सांभाळला तर वर्षभर, उकाड्यात त्याहून कमी. ज्यांना एकच मासा नाव ठेवून दहा वर्षं पाळायचा आहे त्यांनी गोल्डफिश घ्यावा. ज्यांना पिढ्या बघायच्या आहेत त्यांच्यासाठी हे मासे. शेवगा शंभर वर्षं जगावा म्हणून कुणी लावत नाही, असं मी काकूंना म्हटलं. त्यांना ते फारसं पटलेलं नाही.

जास्त झालेल्या पिल्लांचं काय करायचं हा त्याहून गंभीर प्रश्न. गोदावरीत, शेततळ्यात, विहिरीत सोडायची नाहीत. डास खातात म्हणून आणलेल्या गप्पी-गॅम्बुसियांनी आणि चोरून पाळलेल्या आफ्रिकी मांगूरने देशी माशांची जागा कशी घेतली ते पुरेसं झालं आहे. अंडी कमी जमवा, किंवा पाकिटं करून दुसऱ्या हौशींना द्या.

पहिली जोडी आणायची तर दिवाळीच्या आसपास आणा. गार्डनेरीला तेव्हाची हवा मानवते, संक्रांतीपर्यंत मॉपवर अंडी आणि होळीपर्यंत बोटाच्या पेराएवढी पिल्लं होतात. त्यांच्यावर हात बसला की पुढच्या जानेवारीत ग्वेंथेरी घ्या आणि फेब्रुवारीत कोकोपीट जमवा. पिशव्यांचा उन्हाळा तळमजल्याच्या किंवा उत्तरेकडच्या खोलीत निघाला पाहिजे, कारण वरच्या मजल्यावरच्या कपाटात मेमध्ये ३५ अंश सहज होतात आणि अंडी शिजल्यासारखी पांढरी पडतात. मे सरता सरता भिंग लावा. डोळे दिसत असतील तर मृगाच्या पावसासाठी थांबायची गरज नाही, माठातलं पाणी चालतं.